तीन कुलपांची पेटी : गरिबांच्या स्वावलंबनाविषयीचे काही गैरसमज

पश्चिम आफ्रिकेतला नायजर हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. उत्तरेला सहारा, दक्षिणेला नायजेरिया आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोरडवाहू शेती. पाऊस लहरी, मुख्य अन्न बाजरी. याच पट्ट्यात मारादी नावाचा प्रदेश आहे. गरिबांना पायांवर उभं कसं करावं याबद्दल आपल्याकडे ज्या गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात, त्यातल्या काही मारादीत आणि बाकीच्या इतरत्र तपासल्या गेल्या आहेत आणि त्या टिकलेल्या नाहीत. तरी देणगीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत त्या पुन्हापुन्हा भेटतात. बोलणारी माणसं दुष्ट नसतात. पण चुकीच्या समजुतीवर उभी राहिलेली मदत वाया जाते आणि तिचा भुर्दंड गरिबांनाच बसतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

गैरसमज : हातावर पोट असलेल्यांना बचत कुठली जमायला?

१९९१ मध्ये मारादीत ‘केअर’ या संस्थेने बायकांचे छोटे गट बांधायला सुरुवात केली. तिथे भिशीसारखी पद्धत आधीपासून होतीच. सगळ्यांनी थोडेथोडे पैसे घालायचे आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकीने उचलायची. भिशीची अडचण महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. पाळी येईल तेव्हा पैसे मिळतात, गरज पडेल तेव्हा नाही. मूल आज तापाने फणफणलं आणि आपली पाळी चार महिन्यांनी असेल, तर सावकाराचंच दार गाठावं लागतं.

नव्या गटांनी ही पद्धत थोडी बदलली. दर आठवड्याला जमणारे पैसे वाटून न टाकता एका पेटीत ठेवायचे. त्यातून जिला गरज असेल तिला कर्ज द्यायचं आणि व्याज किती हे गटानेच ठरवायचं. ते व्याज पुन्हा पेटीतच येतं. साधारण वर्षभराने पेटी रिकामी करून प्रत्येकीची बचत आणि व्याजातला वाटा तिच्या हातात द्यायचा. मग हवं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेटीला तीन कुलपं असतात आणि तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. त्यामुळे बैठक भरल्याशिवाय पेटी उघडतच नाही. नवऱ्याने पैसे मागितले तर “माझ्याकडे एकच किल्ली आहे” एवढं खरं उत्तर पुरतं. बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हिशेब तोंडी. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगायची, सगळ्यांनी लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी पेटी उघडण्याआधी ती पुन्हा म्हणायची. वीसेक जणींच्या आठवणीला एकाच वेळी फसवणं अवघड असतं.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटीत बाहेरचा एक पैसाही पडत नाही. संस्था काही महिने शिकवते आणि निघून जाते. पैसा बायकांचा, नियम त्यांचे, बुडाला तरी त्यांचाच. त्यामुळे परतफेडीसाठी बाहेरून कुणी तगादा लावावा लागत नाही. मारादीतून ही पद्धत आफ्रिकेतल्या अनेक देशांत पसरली.

गरिबाची कमाई थोडी असते, हे खरंच. पण त्याहून जाच असतो तो ती वेळीअवेळी येण्याचा. सुगीत हात भरलेले आणि पेरणीपासून काढणीपर्यंत घरात दाणा नाही. असं जगणारा माणूस बचत करतोच, नाहीतर तो तगलाच नसता. ती बचत शेळीत असते, दागिन्यात असते, मडक्यात असते. त्याला कमी पडते ती पैसा सुरक्षित ठेवायची आणि वेळेला काढायची जागा.

गैरसमज : मासा देऊ नका, मासे पकडायला शिकवा

हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. त्यात धरून चाललेलं असतं की गरिबाला काम येत नाही. बांगलादेशातल्या अतिगरीब बायका दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत, शेतात मजुरी करत. गावातल्या सुस्थितीतल्या बायका मात्र गाई पाळत. गाईची कमाई मजुरीहून बरी आणि वर्षभर मिळणारी आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. अडत होतं ते गाय विकत घेण्यापाशी.

‘ब्रॅक’ ही फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये उभी केलेली बांगलादेशी संस्था. तिने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. गाय किंवा शेळ्या थेट द्यायच्या, कर्जाने नाही. जनावर दूध देईपर्यंत ते विकायची वेळ येऊ नये म्हणून काही महिने घरखर्चाला थोडे पैसे. जनावरं सांभाळण्याचं प्रशिक्षण, आजारपणात मदत, बचतीची सवय आणि नियमित घरी येऊन विचारपूस करणारी कार्यकर्ती. दोन वर्षांनी हे सगळं बंद. म्हणजे मासाही दिला, जाळंही दिलं आणि शिकवलंही.

याच धर्तीचे कार्यक्रम नंतर इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत राबवले गेले. चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना कार्यक्रमात घेतलं, काहींना नाही आणि दोन्हींची तुलना केली. दहा हजारांहून अधिक कुटुंबांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांचं खाणंपिणं, मालमत्ता आणि कमाई तुलनेतल्या कुटुंबांहून वरचढ होती. होंडुरासमध्ये मात्र हा फायदा टिकला नाही. तिथे दिलेल्या कोंबड्यांपैकी पुष्कळ रोगाने दगावल्या. हे अपयशही सांगायला हवं, कारण गरिबाचं भांडवल बहुधा जिवंत असतं आणि एका साथीत संपतं.

कर्जाबद्दलही इथेच थोडं. बांगलादेशी अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये तिथल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले आणि त्यातून ‘ग्रामीण बँक’ जन्मली. पुढे तीस वर्षं छोटं कर्ज हेच गरिबीवरचं रामबाण औषध मानलं गेलं. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष माफक होता. काही जणांना धंदा वाढवायला मदत झाली, पण सरासरी कुटुंबाचं उत्पन्न ठळकपणे वाढलं नाही. कर्जाचे हप्ते बहुधा लगेचच सुरू होतात. मुलाच्या औषधाला महाग असलेल्या घरात त्या हप्त्यापायी नवा धोका पत्करायची हिंमत होत नाही.

गैरसमज : फुकट दिलं की पैसा दारूत जातो

नाही जात. जागतिक बँकेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये रोख मदतीवरचे १९ अभ्यास चाळले. दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांत दिसलं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी तो घटलेला होता. रोख मदत मिळाली की लोक काम सोडतात का, हे सहा देशांतल्या सात सरकारी योजनांवरून तपासलं गेलं आहे. तसंही आढळलं नाही. फुकट वस्तूची कदर होत नाही, असंही म्हटलं जातं. केनियात मच्छरदाणीची किंमत शून्यावरून सुमारे ६० सेंट केली, तर दर शंभरात साठेक गरोदर बायकांनी ती घेणंच सोडून दिलं. पैसे मोजून घेतलेली मच्छरदाणी जास्त वापरली गेली असंही नाही. म्हणजे ‘थोडे पैसे घेतले की किंमत कळते’ या समजुतीमुळे मलेरियापासूनचं संरक्षण तेवढं घटलं असतं.

गैरसमज : चांगलं यंत्र नेऊन बसवलं की काम झालं

दक्षिण आफ्रिकेत एक पंप निघाला होता. मुलं चक्रावर खेळतील, त्या फिरण्याने पाणी वरच्या टाकीत चढेल. कल्पना गोड होती आणि छायाचित्रांत शोभून दिसत होती. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने गणित मांडलं की ठरवलेलं पाणी काढायला मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. पंप बिघडला की गावात दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. काही गावांत तर धड चालणारे हातपंप काढून हे चक्र बसवलं होतं. शेवटी म्हाताऱ्या बायकांना ते हाताने फिरवत बसावं लागलं.

साधा हातपंप मात्र जगभर पोचला आणि त्याची पाळंमुळं आपल्या दुष्काळी भागात आहेत. पूर्वीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते घडवलेले असत. गावाच्या बोअरवर शेकडो माणसं दिवसभर तो हापसू लागली की पंप मोडे. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत त्याला मजबूत पर्याय घडवले गेले. त्या अनुभवावर युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज आफ्रिकेतल्या असंख्य गावांत तोच आहे.

पण तिथेही एक धडा शिकावा लागला. मार्क टूचा खालचा भाग दुरुस्त करायचा तर बोअरमधली सगळी पाइपलाइन उपसावी लागते. त्यासाठी अवजारं घेऊन येणारं पथक हवं. पथक आलं नाही की गाव पुन्हा डबक्याकडे. २००९च्या सुमाराच्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले साधारण एकतृतीयांश हातपंप बंद होते. दुरुस्तीच्या याच अडचणीवर कोइमतूर भागात त्याआधीच चाचण्या होऊन ‘मार्क थ्री’ आला होता. त्याचा पाइप मोठ्या व्यासाचा, म्हणून दट्ट्या आणि झडप वरच्या वर ओढून काढता येते. वायसर गावातच बदलता येतो. मला हा बदल मूळ शोधाइतकाच मोठा वाटतो, कारण दुरुस्ती ज्याच्या हातात त्याच्याच हातात पाणी.

यंत्राचं जे, तेच बाहेरून येणाऱ्या स्वस्त धान्याचं. त्याचं एकच उदाहरण पुरे. १९८०च्या दशकापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं आणि अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ बाजारात लोटला. स्वस्त भात मिळाला, पण शेतकरी उखडले. त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ही आपली चूक होती असं मान्य केलं.

गैरसमज : अडाणी शेतकरीच झाडं तोडून वाळवंट ओढवून घेतो

पुन्हा मारादी. १९८०च्या सुमारास टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे वृक्षलागवड करत होते. बहुतेक रोपं मरत. १९८३ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं की शेतात जागोजागी दिसणारी खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या खोडांना फुटलेले धुमारे आहेत. मुळं खाली जिवंतच होती. धुमाऱ्यांतले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकी छाटायचे, गुरांपासून राखायचे. रोपवाटिका नको, पाण्याचा टँकर नको.

मग शेतकरी हे आधीच का करत नव्हते? फ्रेंच राजवटीपासूनच्या कायद्याने झाड सरकारचं होतं. स्वतःच्या शेतातल्या झाडाची फांदी तोडली तरी दंड. अशा वेळी धुमारा लहानपणीच उपटणं हेच शहाणपणाचं होतं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून अंमलबजावणी सैल झाली, झाड राखणाऱ्यालाच लाकूड मिळेल असा भरवसा आला आणि मग पद्धत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात राहिली. सुमारे वीस वर्षांत दक्षिण नायजरमध्ये ५० लाख हेक्टरांच्या आसपास शेतजमिनीवर झाडं परतली. उपग्रहाच्या छायाचित्रांत ती मोजली गेली. त्यांत ‘गाओ’ नावाचं बाभूळवर्गीय झाड आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे बाजरीला सावली पडत नाही आणि जमिनीला नत्र मिळतं. हे गुण तिथल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

गैरसमज : लोक स्वावलंबी झाले की मदतीचं काम संपलं

बचतगटांवरचा घाना, मालावी आणि युगांडातला मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. बायकांचा घरातला शब्द वाढला, छोटे धंदे सुधारले, पण सरासरी कुटुंबाचा खर्च वाढलेला दिसला नाही. वीस गरीब बायकांची पेटी वीस गरीब बायकांच्याच ऐपतीची असते. त्या पेटीतून रस्ता होत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, लस येत नाही. तिथे सरकार लागतं, आणि नायजरसारख्या सरकारला बाहेरचा पैसाही लागतो. आपण ज्यांना स्वावलंबी म्हणतो ते मुंबई-पुण्यातले लोक धरणाचं पाणी, सरकारी रस्ते आणि अनुदानित शाळा वापरूनच तसे झाले आहेत. नायजरच्या बाईकडून याहून अधिक मागणं अन्यायाचं आहे.

नायजर सरकारच्याच एका योजनेचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. गरीब घरांतल्या बायकांना सरकारकडून नियमित रोख रक्कम मिळतच होती. त्यात काही गावांत बचतगट आणि धंद्याचं प्रशिक्षण जोडलं. त्या गावांचे तीन प्रकार होते. काहींना वर एकरकमी अनुदान दिलं, काहींमध्ये जीवनकौशल्यांचे वर्ग घेतले आणि गावकऱ्यांसमोर, नवऱ्यांसह सगळ्यांसमोर, एका जोडप्याच्या कष्टांचा चित्रपट दाखवून चर्चा घडवली. काही गावांत हे सगळंच केलं. दीड वर्षाने तिन्ही प्रकारांत बायकांचे धंदे वाढलेले होते आणि घरातलं खाणं सुधारलं होतं. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा झाला तो एकरकमी अनुदान नसलेल्या, वर्ग आणि चित्रपट जोडलेल्या प्रकारात. मात्र सरकारची रोख मदत आणि तीन कुलपांची पेटी त्या गावांतही होतीच.