पट कमी, उजेड जास्त

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती लांबचे दिसते?" बंदुकीवरचा स्कोप घेणाराही हेच विचारतो. दुकानदार वीस पट, तीस पट असे आकडे सांगत जातो आणि गिऱ्हाईक खूश होते. वास्तविक चंद्रही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लांबचे दिसणे हा काचेचा गुणच नव्हे. लांबचे स्पष्ट दिसते का, आणि सूर्य कलल्यावरही दिसते का, हे विचारायला हवे. या प्रश्नाचे उत्तर अणदूरच्या माळासारखे दुसरीकडे क्वचितच मिळेल.

अणदूर हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, तुळजापूर तालुक्यातले गाव. इथल्या खंडोबाचा मुक्काम दोन गावांत वाटलेला आहे. देव वर्षातला बहुतेक काळ अणदुरात असतो आणि मग नळदुर्गाला जातो. आजूबाजूला ज्वारी, तूर, ऊस आणि मधे मधे मुरमाड माळ. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजावर चढले की हा सगळा मुलूख एका नजरेत येतो. टेहळणीसाठीच तो इतका उंच बांधलेला आहे. १८५३ पासून काही वर्षे फिलिप मेडोज टेलर नळदुर्गात राहून या जिल्ह्याचा कारभार पाहत होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिणारा तो हाच. त्याच्या काळात दुर्बीण साहेबाच्या आणि पलटणीच्या हाती असायची. आज ती शाळकरी पोराच्या गळ्यातही दिसते, आणि हा बदल फार चांगला आहे.

शिकारीचे आधी सांगून टाकलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद केली. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण सर्वांत कडक. पिकात घुसणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याची रीतसर परवानगी लागते. छर्ऱ्याच्या बंदुकीने तितर किंवा होला पाडणे हाही गुन्हाच. तेव्हा शिकारीचा स्कोप हा विषय आपल्याकडे इथेच संपतो.

नेमबाजीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच्या रायफलीवर स्कोप नव्हता. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. त्यांच्याही रायफलींवर नव्हता. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे गोल कडे, आणि त्या दोन वर्तुळांत लक्ष्याचा काळा गोल मधोमध बसवायचा. याला पीप साइट म्हणतात. बारीक भोकामुळे जवळचे आणि लांबचे एकाच वेळी रेखीव दिसते. पूर्वी पळत्या लक्ष्यावरच्या स्पर्धेत स्कोप चालायचा, पण तो प्रकार २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेला.

म्हणून मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवायची असेल, तर स्कोपचे पैसे चांगल्या पीप साइटवर आणि छर्ऱ्यांवर घालावेत. एक हिशेब पाहा. साध्या स्कोपची फिरकी एक 'क्लिक' फिरवली की नेम शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर. स्कोपचे पाऊलच ठिपक्याहून मोठे पडते.

तरीही घरच्या अंगणात पत्र्याच्या डब्यावर सराव करायला कुणाला स्कोप हवाच असेल, तर दोन गोष्टी बघाव्यात. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि अशा बहुतेक रायफली स्प्रिंगच्या असतात. स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. या दुहेरी हिसक्याने मोठ्या बंदुकीसाठी बनवलेले स्कोपही खिळखिळे होतात. म्हणून 'एअर रायफलसाठी' असे स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा. दुसरी गोष्ट पॅरलॅक्सची. डोळा किंचित हलला की लक्ष्यावरची फुली सरकल्यासारखी दिसते. साधे स्कोप शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात, त्यामुळे दहा मीटरवर हा दोष फार जाणवतो. दहा मीटरपर्यंत खाली जुळवता येणारा चार पटीचा स्कोप सोळा पटीच्या चकचकीत स्कोपपेक्षा कितीतरी कामाचा.

आता खऱ्या आवडीच्या गोष्टीकडे, म्हणजे उजेडाकडे.

दुर्बीण हातभर लांब धरून तिच्या नेत्रिकेकडे पाहिले की काचेत एक लहानसा उजळ गोल दिसतो. डोळ्यात शिरणारा सगळा प्रकाश त्या गोलातून येतो. त्याचा व्यास काढणे सोपे आहे: पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरला पटीने भागायचे. ८×४२ ला सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ला चार पूर्णांक दोन, खिशात मावणाऱ्या १०×२५ ला अडीच. स्कोपलाही हाच नियम. ३-९×४० चा स्कोप नऊवर लावला की गोल साडेचार मिलिमीटरचाही उरत नाही. आता आपल्या बाहुलीचे माप घ्या. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण पाचपर्यंत. म्हणजे तिन्हीसांजेला १०×२५ च्या दुर्बिणीतून पन्नाशीच्या डोळ्याला त्याच्या कुवतीच्या निम्म्याच व्यासाचा प्रकाश मिळतो. क्षेत्रफळाने मोजले तर चौथाई. दुपारी बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणून दुकानात भर उन्हात हा फरक कळत नाही आणि माणूस फसतो.

माळावरचे जनावर नेमके कडेच्या उजेडात हलते. लांडगा पहाटे आणि सांजेला फिरतो, काळवीटही त्या वेळी चरायला उघड्यावर येतात. दिवाळीच्या सुमाराला मध्य आशियाकडून भोवत्या उतरू लागतात. हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि रात्री जमिनीवर गवतातच एकत्र बसतात. नर ओळखणे त्या मानाने सोपे, पण माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या यांच्या माद्यांमध्ये गफलत झाल्याशिवाय राहत नाही. चेहऱ्याभोवतीची फिकी पट्टी, मानेचा गडद भाग, हे बारकावे मावळत्या उजेडात टिपायचे असतात. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे आहे. माळढोक तिथे आता दुर्मीळाहून दुर्मीळ झाला, पण भोवत्या, धाविक आणि चंडोल पाहायला तो माळ अजूनही अप्रतिम आहे.

मोठ्या पटीचा आणखी एक शत्रू या भागात आहे, तो म्हणजे तापलेली जमीन. ऊन चढले की काळ्या दगडावरून हवा थरथरत वर येते आणि दुर्बीण ती थरथरही तेवढ्याच पटीने मोठी करते. साठ पटीचा महागडा स्पॉटिंग स्कोप तिवईवर ठेवूनसुद्धा दुपारी काळवीट पाण्यात बुडाल्यासारखे लहरते. आठ पटीत तेच काळवीट शांत दिसते, शिंगांची वळणेही दिसतात. शिवाय हाताचा कंप आहे, आणि दृष्टीच्या टप्प्यात मावणारी रुंदी आहे. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत हजार मीटरवर सुमारे १३०–१४० मीटरचा पट्टा मावतो, दहा पटीत तो बराच आकसतो. उडता पक्षी पकडायला हीच रुंदी लागते.

इतिहास थोडक्यात असा. पोरोने १८५४ मध्ये लोलकांच्या रचनेचे पेटंट घेतले, झाइस कंपनीने १८९४ मध्ये आब्बेच्या आराखड्यावर लोलकांची दुर्बीण बाजारात आणली, आणि १९३५ मध्ये त्याच कंपनीतल्या स्माकुलाने काचेवरचा परावर्तनरोधी लेप शोधला. या तिघांत शेवटच्याचे उपकार सर्वांत मोठे. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. म्हणूनच खोक्यावर 'फुली मल्टी-कोटेड' हे शब्द असणे पटीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. नुसते 'कोटेड' लिहिलेले असेल तर एखाद-दुसऱ्या काचेलाच लेप असू शकतो.

बेताच्या पैशात काय घ्यावे, याबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत ठाम आहे: बाकदार, जुन्या वळणाची पोरो दुर्बीण. सरळ नळ्यांची, छताच्या लोलकांची दुर्बीण दिसायला सुबक, पण तिचे लोलक अतिशय काटेकोर घासावे लागतात आणि वर फेज कोटिंग लागते, तेव्हा कुठे ती पोरोच्या बरोबरीला येते. म्हणून त्याच किमतीत पोरोची काच सरस मिळते. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ हे याचे सहज मिळणारे उदाहरण. मात्र ती पाण्याला टिकणारी नाही. पावसाळ्यातही माळ सोडवत नसेल, तर अ‍ॅक्शन ईएक्स ८×४० कडे वळावे. सरळ नळ्यांचीच हवी असेल, तर सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ मध्ये फेज कोटिंग मिळते. झूम दुर्बिणी आणि लालभडक भिंगांच्या, जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणी फुकट मिळाल्या तरी नकोत.

दुकानात करायच्या परीक्षा सोप्या आहेत. नेत्रिकेतला तो उजळ गोल पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर लोलकाची काच हलकी आहे, बीएके-४ नाही. भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. हिरवट-जांभळी प्रतिबिंबे दिसली तर लेप आहे, पांढरे शुभ्र दिसले तर तिथे लेप नाही. उजळ आभाळापुढची विजेची तार पाहावी आणि तिच्या कडेला किती रंग सुटतो ते पाहावे. मिनिटभर बघून डोळा ताणला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण तिथेच ठेवावी. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यासकटच पाहावे. डोळा नेत्रिकेपासून पंधरा मिलिमीटर किंवा जास्त लांब ठेवून पूर्ण गोल दिसायला हवा, नाहीतर फक्त मधला तुकडाच दिसतो.

आणि घेतल्यावर काच उपरण्याने पुसू नये. मराठवाड्याच्या धुळीत दगडाची बारीक कच असते, ती लेपावर कायमचे ओरखडे पाडते. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी भिंगाचे कापड. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. भिंगावर एकदा बुरशी धरली की ती आतून साफ करावी लागते, आणि ते काम करणारे कारागीर सोलापूर-पुण्यातही आता शोधावे लागतात.