हरायचं नेट्सनं, फायदा बोस्टनला: चुकीच्या करारांत फसलेली टीम परत उभी कशी राहिली?

२०१६-१७ च्या सीझनमध्ये एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधली सगळ्यात खराब टीम होती ब्रुकलिन नेट्स. ८२ मॅचपैकी जिंकल्या फक्त २०.

एनबीएमध्ये अशा टीमला एक आधार असतो, तो म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते आणि जी टीम जास्त हरते तिला आधी निवडायची संधी मिळण्याची शक्यता जास्त असते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये नेट्सचा नंबर लागलाही पहिला.

पण तो गेला बोस्टन सेल्टिक्सकडे. बदल्यात नेट्सच्या हातात आला २७ वा नंबर.

हे कसं झालं, ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

मालकाला घाई झाली होती

२०१० मध्ये रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्हनं नेट्स विकत घेतली आणि पाच वर्षांत चॅम्पियन होऊ, असं सांगितलं. २०१२ मध्ये टीम न्यू जर्सीतून ब्रुकलिनला आली. त्याच वर्षी डेरॉन विल्यम्सला पाच वर्षांचा जवळपास १० कोटी डॉलरचा करार दिला गेला. तगडा करार असलेला जो जॉन्सनही अटलांटाहून आणला.

मग आला २०१३ चा उन्हाळा. बोस्टनकडून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी आले. नावं मोठी, पण गार्नेट ३७ वर्षांचा आणि बाकीचे दोघं ३५ चे. बदल्यात नेट्सनं काही खेळाडू दिलेच, शिवाय २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीतले ड्राफ्ट पिक्स दिले. वर २०१७ ला नंबर अदलाबदल करायचा हक्कही दिला.

हिशोब असा होता की टीम जिंकत राहील, त्यामुळे पिक्स गेले तरी शेवटचेच जातील.

पहिल्या सीझनला ४४ मॅच जिंकल्या. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मायामीनं ४-१ नं घरी पाठवलं. पगाराची मर्यादा इतकी ओलांडली होती की मालकाला ९ कोटी डॉलरहून जास्त लक्झरी टॅक्स भरावा लागला. पुढच्या दोन वर्षांत पिअर्स, गार्नेट आणि टेरी तिघंही टीमबाहेर होते.

खराब करार इतका महाग का पडतो?

एनबीएमध्ये प्रत्येक टीमला पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. करार बहुतेक गॅरंटीड असतात. खेळाडूचा फॉर्म गेला, गुडघा गेला, तरी पगार द्यावाच लागतो आणि तो कॅपमध्ये मोजलाही जातो.

डेरॉन विल्यम्सचंच बघा. २०१५ मध्ये नेट्सनं तडजोड करून त्याला मोकळं केलं, पण राहिलेली रक्कम पाच वर्षांत वाटून द्यावी लागली. दुसऱ्या टीमकडून खेळणाऱ्या माणसापोटी नेट्सच्या खात्यावर दरवर्षी जवळपास ५५ लाख डॉलर पडत राहिले.

इतर टीमकडे अशा वेळी एक रस्ता असतो. दोन-तीन वर्षं हरायचं, वरचे पिक्स घ्यायचे, पोरं तयार करायची. नेट्ससाठी तोही बंद होता. हरलं की फायदा बोस्टनचा. बोस्टननं २०१६ मध्ये नेट्सच्या पिकवर जेलेन ब्राऊन घेतला. २०१७ चा पहिला नंबर फिलाडेल्फियाला देऊन तिसरा नंबर आणि पुढचा एक पिक मिळवला, आणि त्या तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम घेतला.

मग शॉन मार्क्स आला

फेब्रुवारी २०१६ मध्ये नेट्सनं न्यूझीलंडच्या शॉन मार्क्सला जनरल मॅनेजर केलं. त्याच्याकडे ना पिक्स होते, ना स्टार. जुने करार संपत आल्यावर कॅपमध्ये जागा मात्र मोकळी व्हायला लागली होती. त्यानं तीच जागा विकायला काढली.

ज्या टीमचे करार फसलेत, त्यांना सांगायचं, 'तुमचा महागडा खेळाडू आम्ही घेतो, सोबत पिक नाहीतर तरुण खेळाडू द्या.' २०१७ मध्ये लेकर्सना टिमोफे मोझगोव्हचा चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार नकोसा झाला होता. नेट्सनं तो घेतला आणि सोबत २१ वर्षांचा डी'अँजेलो रसेल मिळवला. त्यासाठी ब्रूक लोपेझ हा टीमचा सगळ्यात जास्त पॉइंट्स करणारा खेळाडू आणि तो २७ वा नंबर सोडावा लागला. टोरांटोकडूनही डेमारे कॅरोलचा करार घेताना पिक्स वसूल केले.

दुसरी गोष्ट, जे अनुभवी खेळाडू विकले जाऊ शकत होते ते विकून पिक्स आणले. त्यातूनच कॅरिस लेव्हर्ट २० व्या आणि जॅरेट ॲलन २२ व्या नंबरवर आला.

तिसरी गोष्ट, इतरांनी टाकून दिलेली पोरं उचलली. जो हॅरिसला आधीच्या टीमनं काढून टाकलं होतं. स्पेन्सर डिनविडी खालच्या लीगमध्ये खेळत होता. कोच केनी ॲटकिन्सननं त्यांच्यावर मेहनत घेतली.

२० विजयांवरून टीम २८ वर गेली आणि २०१८-१९ मध्ये ४२ वर. नेट्स प्लेऑफमध्ये पोचले आणि रसेल ऑल-स्टार झाला. त्याच उन्हाळ्यात केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्विंग यांनी नेट्सशी करार केला.

पण गोष्ट इथं संपत नाही

जानेवारी २०२१ मध्ये जेम्स हार्डनसाठी नेट्सनं लेव्हर्ट आणि ॲलन दिले. शिवाय पहिल्या फेरीचे तीन पिक्स आणि चार वर्षांचे अदलाबदलीचे हक्क दिले. ड्युरंट, अर्विंग आणि हार्डन रेग्युलर सीझनमध्ये एकत्र खेळले फक्त १६ मॅच. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिघंही गेले.

२०२४ मध्ये बोस्टन चॅम्पियन झालं. टीमचे मोठे चेहरे होते टेटम आणि ब्राऊन, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ब्राऊन. त्याच महिन्यात नेट्सनं ह्यूस्टनकडून २०२५ आणि २०२६ च्या ड्राफ्टमधले आपलेच हक्क परत मिळवले आणि नव्यानं टीम बांधायला घेतली. या वेळी हरले तर निदान त्याचा फायदा त्यांचाच होणार होता.