पाटीवरचा प्लेक्सस

प्रथम वर्षी शरीररचनाशास्त्रात मी अनुत्तीर्ण झालो, तेव्हा देवासला परतून वडिलांच्या दुकानात बसावे, असे मनात आले होते. तोंडी परीक्षेत ब्रेकियल प्लेक्सस विचारला गेला आणि माझी वाचाच बसली. पुढचे सहा महिने रोज रात्री मी तो पाटीवर काढीत असे: पाच मुळे, तीन खोडे, सहा विभाग, तीन रज्जू, पाच शाखा. पुसायचे, पुन्हा काढायचे. (घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्यांनी क्षमा करावी.)

अनेक वर्षांनी मोटारसायकलवरून पडलेला एक महाविद्यालयीन तरुण आला. खांदा उचलेना, कोपर वाकेना. बोटे मात्र हलत होती. पाटी डोळ्यांसमोर उभी राहिली: पाचवे-सहावे मूळ! परीक्षा बुडाल्याने तो खचला होता. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, हे समजावताना मी त्याला माझे ते सहा महिनेही सांगितले.