माहेर माळावर

आमच्या आईचे माहेर पाण्यात आहे. असे म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटते, माहेरची मंडळी कर्जात बुडाली असावीत. तसे काही नाही. माहेर खरोखरच पाण्यात आहे. कोयना धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि पुढे काही वर्षांनी पाणी चढू लागले, तेव्हा खोऱ्यातल्या शंभराच्या आसपास गावांना घरदार सोडावे लागले. त्यांत आमचे आजोळ होते. आता तिथे शिवाजीसागर आहे. कोयनानगरपासून पार तापोळ्यापर्यंत पसरलेले ते पाणी पाहायला सहलीची माणसे येतात आणि ‘काय सुंदर देखावा!’ म्हणतात. आमची आई तो देखावा पाहते तेव्हा ‘त्या तिथं आमचा गोठा व्हता’ असे म्हणते.

कोयनेचे पाणी कृष्णेला मिळून पूर्वेला जायचे. धरण झाल्यावर त्यातले पुष्कळसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात उतरवले. त्यावर वीज होते आणि पुढे ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. म्हणजे पूर्वेला जाणाऱ्या पाण्याला पश्चिमेला धाडले आणि आमच्या मामांना पूर्वेला, सोलापूर जिल्ह्यात! पाण्याला निदान उतार तरी मिळाला. मामांना मिळाला तो माळ.

आई तेव्हा अठरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन कराडकडे आलेली. म्हणून ती सुटली आणि माहेर तेवढे गेले. पूर्वी एसटीने दर दोन-तीन वर्षांनी ती जाऊन यायची. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. गेल्या मे महिन्यात मामांचा फोन आला, ‘आक्का, डोळ्याला कमी दिसाय लागलंय. यायचं तर आत्ताच ये. मागनं आलीस तर नुसती वळखीन, बघणार न्हाय.’ आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘गाडी बघ.’

गाडी माझ्या मेहुण्याची निघाली. ती त्याने कुणाकडून तरी तिसऱ्या हाताची घेतलेली आहे. तिच्या काचा वर गेल्या की खाली येत नाहीत नि खाली आल्या की वर जात नाहीत. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, उन्हाळा आहे. काचा खालीच ठेवू.’ पहाटे पाचला आम्ही निघालो. पुढे मेहुणा आणि मी, मागे आई, आमची सौ. आणि दोघींच्या मध्ये एक फणस. फणस पिकत आला होता. त्याला सीट द्यावी लागली, कारण पाठीमागच्या डिकीत आईची दोन पोती होती. ‘काय आहे?’ असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, ‘तांदूळ.’ पोती उचलताना मेहुण्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून हा तांदूळ फारच वजनदार जातीचा असावा, असे मला वाटले. पण माहेरी जाणाऱ्या बाईची झडती घेऊ नये, एवढे शहाणपण मला लग्नानंतर आले आहे.

विट्याला चहा झाला. तिथे मेहुण्याने मोबाइलमध्ये मामांच्या गावाचे नाव घातले आणि आतल्या बाईला रस्ता विचारला. बाई मोठी गोड बोलणारी होती. पण गाडी खानापूरच्या दिशेने लागताच ती म्हणाली, ‘मागे वळा.’ मेहुण्याने लक्ष दिले नाही. फर्लांगभराने पुन्हा, ‘मागे वळा.’ भिवघाटापर्यंत तिने आम्हांला वीस वेळा तरी मागे वळायला सांगितले. सौ. म्हणाली, ‘एवढं सांगते आहे तर ऐका की!’ आमच्या घरी बाईचे न ऐकण्याची रीत असल्याचा सूर त्यात होता.

शेवटी मी मोबाइल हातात घेऊन पाहिला. बाईने लाल टाचणी टोचली होती ती पाटण तालुक्यात, निळ्या पाण्याच्या अगदी काठाशी. तिला जुने गाव सापडले होते! मी आईला तसे सांगितले. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘खरं सांगती ती बाई. गाव तितंच हाय. पर जायाचं कसं?’

मेहुण्याने बाईचे तोंड बंद केले.

विटा-खानापूरचा हा मुलूख मोठा गमतीचा. इथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पसरलेली आहेत. पुढे आटपाडी लागते. ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकरांचा हा माणदेश. इथूनही माणसे पोटासाठी बाहेर पडत आली. फरक एवढाच की, यांना घराबाहेर काढले ते पाणी नाही म्हणून. आणि आमच्या मामांना काढले ते पाणी फार झाले म्हणून.

आटपाडीच्या पुढे डोंगर विरत गेले. दोन्ही बाजूंना उघडा माळ आणि वर ऊन. आई खिडकीतून बघत होती. डोंगरात वाढलेल्या माणसाला सपाटीचा भरवसा वाटत नाही. ती म्हणाली, ‘हितं दिस मावळतो कशाच्या आड?’ मेहुणा म्हणाला, ‘कशाच्याच नाही, आई. नुसताच मावळतो.’ आईला ते पटले नाही. दूरवर एक पाण्याची टाकी दिसत होती. अर्धा तास झाला तरी ती तेवढ्याच अंतरावर. ‘दिसतंय पर येत न्हाय,’ असे म्हणून आईने सपाट प्रदेशाचा एका वाक्यात निकाल लावला.

दिघंचीच्या अलीकडे मागचे चाक बसले. जादा चाक डिकीत पोत्यांच्या खाली. मेहुण्याने पहिले पोते ओढले, ते फाटले, आणि त्यातून भळाभळा लाल माती बाहेर आली. आम्ही सगळे आईकडे पाहू लागलो. आई फणसाकडे पाहू लागली.

‘आई, हा तांदूळ?’

‘तुला माती म्हनून सांगितलं असतं तर घिऊन दिली असतीस का?’

यावर मला उत्तर नव्हते. दुसऱ्या पोत्याच्या तोंडाशी डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेले वीतभर उंचीचे फणसाचे रोप निघाले. मामांनी माळावर तीनदा फणस लावला आणि तीनदा तो गेला. फणसाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, आणि तिकडची काळी माती पाणी धरून बसते. हे आईला कुणी शिकवले नव्हते; पण पाटणकडच्या एका नातलगाकडून तिने गुपचूप दोन पोती डोंगराची माती मागवली होती. मेहुण्याने टळटळीत उन्हात चाक बदलले. रस्त्याने जाणारा एक म्हातारा सायकल थांबवून विचारता झाला, ‘काय हाय पोत्यात?’ मेहुणा म्हणाला, ‘माती.’ म्हातारा माळाकडे बघून म्हणाला, ‘का? हितली कमी पडली?’

महूद झाले, पंढरपूर आले. उन्हात रांगेत उभे राहणे आईला झेपणारे नव्हते. तिने दुरूनच कळसाला हात जोडले. विठोबा द्वारकेहून इथे आला, अशी कथा आहे. ती तिला ठाऊक आहे. हात जोडून ती म्हणाली, ‘तुझं बी घर लांबच की रं बाबा. पर तू आपल्या पायानं आलास.’

पंढरपूर ओलांडल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. गावाचे नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर निदान तीन गावांचे लोक माझ्या अंगावर येतील. कारण खोऱ्यातले गाव उठले ते एकत्र बसलेच नाही. एक वाडी इकडे, एक भावकी तिकडे, काही घरे आणखी कुठे. प्रत्येकाने जाताना गावाचे नाव बरोबर नेले. आम्ही पहिल्या गावात शिरलो, तर मामांच्या नावाचे दुसरेच गृहस्थ ओट्यावर बसलेले. त्यांनी पाणी दिले, आईची सगळी कुळी विचारून घेतली, आईची चुलती त्यांच्या घरात दिल्याचे शोधून काढले आणि जेवल्याशिवाय सोडायला तयार होईनात. अशा रीतीने वाट चुकूनही आम्ही नातलगांतच सापडलो. शेवटी एका पानपट्टीवाल्याने आम्हांला सोडवले. तो म्हणाला, ‘नाव सांगू नका. कोयनावाले म्हना. सरळ जावा.’ साठ-पासष्ट वर्षे झाली, पण माळावर त्यांचे नाव अजून कोयनावाले.

मामा दारातच उभे होते. गाडी थांबली तरी ते रस्त्याच्या भलत्याच बाजूला बघत होते. आई उतरली, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘हिकडं बघ की.’ मामा हसले. ‘आक्का, तुजा आवाज अजून डोंगराचाच हाय. ह्या दरडीवरनं त्या दरडीला हाळी घालतीस.’ मग दोघे हात धरून आत गेले. आम्ही बाहेर फणस घेऊन उभे.

फणसाने त्या घरात खळबळ उडवली. मामांची सून मंगळवेढ्याकडची. तिने आजवर फणसाचे गरे पाहिले होते, सबंध फणस नव्हता. तिने सरळ विळीवर घेतला आणि चिकात हात अडकवून बसली. आईने हाताला तेल लावून तो कसा फोडायचा, हे तिला शिकवले. उलट शेंगदाण्याची चटणी आणि पापडासारखी कडक भाकरी सौ.ने तिच्याकडून शिकून घेतली.

जेवल्यावर मामा जुन्या गोष्टी सांगू लागले. खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडायचा, इकडे पाचशे-साडेपाचशे. हे आकडे तेव्हा कुणाला ठाऊक? आल्या आल्या सगळ्यांनी गावच्या सवयीने उंच, उतरत्या छपरांची घरे बांधली. पलीकडच्या गावचे लोक माळवदाच्या घरात राहणारे. ते बघायला यायचे नि विचारायचे, ‘एवढी घसरगुंडी कशाला?’ ‘पहिला पाऊस आला,’ मामा म्हणाले, ‘तसं आमी पंधरा दिसांची लाकडं आत घितली, गुरं बांधली, कवाडं लावून बसलो. सांजच्याला कवाड उघडलं तर गावची पोरं बाहेर इटीदांडू खेळत्यात!’

आम्ही हसलो. मामाही हसले, पण सांगताना त्यांनी मधली वर्षे गाळली, हे माझ्या लक्षात आले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. मामा आले त्यापूर्वी दीड दशक. जेवढी जमीन मिळायची होती तेवढी मिळाली नाही. कपाटातले एक लाल फडके सोडून मामांनी कागदांचा गठ्ठा मला दाखवला. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तो गठ्ठा इतका हिंडला आहे की आमच्या गाडीपेक्षा त्याचा प्रवास जास्त झाला असावा. ‘आता दिसत न्हाय त्ये बरंच हाय,’ मामा म्हणाले, ‘निदान त्येची उत्तरं वाचावी लागत न्हाईत.’

मी विचारले, ‘पण आता तर ऊस दिसतो आहे शिवारात?’

‘उजनीचं पानी,’ मामा म्हणाले. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पुरे झाले आणि पुढे कालव्याने पाणी आले. मामा थोडे थांबून म्हणाले, ‘पानी आलं तवा गावानं गुलाल उधळला. मी बी गेलो. आनि बांधावर हुबा ऱ्हाऊन मनात म्हनलं, ह्ये पानी बी कुनाच्या तरी चुलीवरनंच आलं असंल.’

कुणी काही बोलले नाही. धरण हवे की नको, यावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. इतके नेमके बोलताना कुणाला ऐकले नव्हते.

ऊन उतरल्यावर अंगणाच्या कोपऱ्यात कंबरभर खड्डा घेतला. मामांच्या नातवाने तळाला मुरूम टाकला आणि मेहुण्याने लाल मातीची पोती आणली. मामांनी मूठभर माती हातात घेतली, बोटांनी चोळली, नाकाला लावली. मग म्हणाले, ‘माती आनलीस ग्वाड केलंस, आक्का. पर हिच्यासंगं पाऊस बी आनलास का?’

‘पाऊस तुज्या नातवानं आनायचा,’ आई म्हणाली. ‘रोज दोन तांबे.’

रात्री गच्चीवर अंथरुणे पडली. आईला सूर्य मावळताना दिसला होता. तो कशाच्याही आड न जाता मावळला, हे तिने मान्य केले होते. अंधारात भावा-बहिणींचे बोलणे माझ्या कानांवर येत होते.

‘औंदा पानी किती उतरलंय?’ मामा विचारत होते. उन्हाळ्यात धरण खाली गेले की बुडालेल्या गावांची जोती, देवळांचे दगड उघडे पडतात.

‘लई उतरलंय म्हनत्यात. चल की माज्यासंगं. उद्या गाडी हाय.’

मामा बराच वेळ गप्प होते. ‘देव हिकडं आनलाय. मानसं हिकडंच जाळली. नातवाची शाळा हिकडं. आता तितं जाऊन कुनाला बघू, आक्का? आनि बघू तरी कशानं?’ मग हळूच म्हणाले, ‘तू बघून ये. आनि मला फोनवर सांग.’

सकाळी निघालो. फाटलेले पोते मामींनी रातोरात शिवले होते आणि दोन्ही पोत्यांत मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भरली होती. जाताना गाडी जेवढी टेकली होती, तेवढीच येतानाही टेकली. मेहुण्याने सवयीने मोबाइल लावला. त्यात अजून तेच गाव होते. बाई म्हणाली, ‘सरळ जा.’

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी आईला पाण्याच्या काठाशी नेले. चिखलातून वर आलेले एक जोते तिने ओळखले. तिथूनच तिने फोन लावला आणि हाळी घालावी तशा आवाजात भावाला सगळे सांगितले.

पावसाळा सरला. परवा मामांचा फोन आला. फणसाला पाच नवी पाने आहेत. नातवाने मोजली, मामांनी चाचपली.