जुन्या मोटारीच्या इंजिनातील ध्वनी व त्यांचे निदान

जुनी मोटार घेताना इंजिनाची ‘टकटक’ ऐकून ग्राहक एकतर बिचकतो, नाहीतर ‘जुन्या गाडीत एवढे चालायचेच’ या विक्रेत्याच्या उत्तरावर विसंबतो. दोन्ही वृत्ती सदोष होत. ध्वनीला नाव देणे म्हणजे निदान नव्हे. भाषेतल्याप्रमाणे येथेही ध्वनीचे मूल्य परिसरावरून ठरते.

कुर्ल्यास बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटास ९०० फेरे घेत असता एखादा सैल टॅपेट सेकंदास साडेसात वेळा हलका वाजतो. झिजलेल्या कनेक्टिंग रॉड बेअरिंगचा ठोका जड असून भार पडताच वाढतो. संशय राहिल्यास मेकॅनिककडून एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर तोडवावी. ठोका मंदावला तर दोष त्या सिलिंडरच्या बेअरिंगचा. टॅपेटचा आवाज सहसा बदलत नाही. टॅपेटला फीलर गेजने केलेली जुळणी बहुधा पुरते. बेअरिंगची उपेक्षा केल्यास क्रँकशाफ्टच निकामी होतो.

सोलेनॉईडच्या स्टार्टरमध्ये जलद ‘कटकट’ बहुधा क्षीण बॅटरी वा सैल जोडणी सुचविते. बॅटरी भरलेली असून एकच ‘कट्’ आल्यास स्टार्टर तपासावा. तो जोमाने फिरूनही इंजिन सुरू न झाल्यास प्रथम ठिणगी, नंतर पेट्रोल पाहावे.

विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर ते पूर्ण निवू द्यावे व मगच सुरू करून ऐकावे. तापलेल्या इंजिनात लपणारे काही दोष थंड इंजिनात कळतात.