डिझेलच्या खर्चावर सूर्याचा उतारा

सोलापूर : वीज गेली की माग थांबतो आणि कामगाराची मजुरीही बुडते, हे भवानी पेठेतील कारखानदारांना सांगायला नको. जनरेटर लावावा तर एक लिटर डिझेलमधून जेमतेम ३ ते साडेतीन युनिट वीज मिळते. डिझेल ९० रुपये धरले तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला २६ ते ३० रुपये पडतो.

यावर उपाय म्हणजे सौर पॅनेल व जनरेटर यांची जोडी. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देते. उन्हात ते जेवढा भार उचलेल तेवढे डिझेल वाचते.

मात्र बॅटरी नसलेला साधा सौर इन्व्हर्टर लाईन जाताच सुरक्षेसाठी बंद पडतो. म्हणून जनरेटरशी मेळ घालणारा कंट्रोलर घ्यावाच. शिवाय जनरेटरवर किमान ३० टक्के भार ठेवावा, नाहीतर इंजिन काजळी धरते. जनरेटर २० किलोवॉटचा आणि मागांचा भार १५ असेल, तर ६ जनरेटरवर ठेवून ९ सौरवर घेता येतो.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या दुर्गम पाड्यावर २०१२ साली ९.४ किलोवॉटचा सौर संच बसला व ३९ घरांत दिवे लागले. तिथे गावकरी मीटरप्रमाणे पैसे भरत असत. देखभालीची तरतूद असली तरच संच टिकतो.

तेव्हा बंधूंनो, आधी महिन्याच्या डिझेलचा हिशेब मांडा, मगच कोटेशन मागवा.