सूझांचे बदलते चेहरे

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा : जन्म १९२४, साळगाव (गोवा), निधन २००२, मुंबई.

• मुंबई : जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अकादमिक शिक्षण. १९४५ मध्ये तिथून हकालपट्टी. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार.

• लंडन, १९४९ नंतर : चेहऱ्यांतलं हुबेहूब साम्य मागे पडलं. जाड काळ्या रेषा, कपाळावर चढलेले डोळे, विचकलेले दात. ‘मिस्टर सबॅस्टियन’ (१९५५) मधल्या सूटधारी गृहस्थाच्या अंगात बाण रुतलेले दिसतात. बाणांनी विद्ध झालेल्या संत सबॅस्टियनची यातना शहरी माणसाच्या वाट्याला आली.

• साठचं दशक : ‘ब्लॅक पेंटिंग्ज’मध्ये काळ्यावर काळा रंग. चेहरा ओळखू येतो तो रंगाच्या उठावावर तिरपा उजेड पडला की.

• न्यूयॉर्क, १९६७ पासून : मासिकांच्या छापील पानांवरची शाई रसायनानं विरघळवून त्यावर चित्रं.